ट्रॉलीची पिन कुठे लावायची: ऊस वाहतुकीत नव्याने उतरणाऱ्या ट्रॅक्टरचालकांसाठी

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या पट्ट्यातले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. दर हंगामात काही नवे चालक या रस्त्यावर येतात. कुणी घरचा नवा ट्रॅक्टर घेऊन, कुणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर पगारी. इंजिन, गिअर, डिझेल, टायर याबद्दल त्यांना सांगणारे पुष्कळ भेटतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची गाठ जिथे पडते त्या पिनेबद्दल मात्र "टाक पिन आणि चल" यापलीकडे कुणी फारसं बोलत नाही.

चढाला ट्रॅक्टर पुढून उठतो, उताराला ट्रॉली ट्रॅक्टरला आडवी फिरवते, सरळ रस्त्यावर मागची ट्रॉली झुलायला लागते. या तिन्ही गोष्टींचं मूळ शोधत गेलं की बहुतेक वेळा आपण त्या पिनेपाशी येऊन पोचतो. पिन जमिनीपासून किती उंच आहे, मागच्या ॲक्सलपासून किती मागे आहे आणि तिच्यात किती ढिलाई आहे, ही तीन मापं घ्यायला अर्धा तास लागतो आणि पैसा काहीच लागत नाही. हंगामाच्या आधी तो अर्धा तास काढाच.

सोबत हवं ते एवढंच: मोजायची टेप, पाणसळ, खडू, कागद-पेन्सिल आणि सपाट जागा. कारखान्याचा काटा किंवा गावातला वजनकाटा जवळ असेल तर फारच चांगलं. रिकामा ट्रॅक्टर त्यावर नेऊन आधी फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या, मग पूर्ण ट्रॅक्टरचं. हे दोन आकडे ट्रॅक्टरच्या कागदांसोबत जपून ठेवा.

पहिलं माप: जमिनीपासून उंची

ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो तेव्हा ट्रॉलीही तेवढ्याच जोरानं ट्रॅक्टरला मागे खेचत असते. ती ओढ पिनेवर येते. मागचे टायर जमिनीला जिथे टेकतात तो टेकू धरा, आणि पिनेची उंची म्हणजे पहारीची लांबी. पहार जितकी लांब तितका ट्रॅक्टरचा पुढचा भाग सहज उचकटला जातो.

हिशेब साधा आहे. ओढ गुणिले पिनेची उंची, भागिले पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर. जे उत्तर येईल तेवढं वजन पुढच्या चाकांवरून उठून मागच्या चाकांवर जातं.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर २१०० किलोचा, दोन ॲक्सलमधलं अंतर २ मीटर. वजनाचा ४० टक्के वाटा पुढे, म्हणजे पुढच्या चाकांवर ८४० किलो आणि मागे १२६० किलो. मागे उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या, एकूण १४ टन. कच्च्या पाणंदीवर चाकं फिरवायलाच वजनाच्या ४ टक्के जोर लागतो असं धरा, आणि चढ १०० मीटरला ३ मीटरचा. ४ आणि ३ मिळून ७ टक्के, १४ टनांचे ७ टक्के म्हणजे ९८० किलो. सोयीसाठी १ टन ओढ म्हणू.

पिन ५० सेंटिमीटरवर असेल तर पुढून २५० किलो उठतात आणि ५९० उरतात. स्टिअरिंग हातात राहतं. पिन ८० सेंटिमीटरवर असेल तर ४०० किलो उठतात आणि ४४० उरतात. आता त्याच पाणंदीवर चढ ३ ऐवजी ६ मीटरचा आला, तर ओढ १.४ टन होते. ८० सेंटिमीटरच्या पिनेवर पुढे फक्त २८० किलो शिल्लक. स्टिअरिंग फिरतं, पण ट्रॅक्टर वळत नाही. हे सगळं सावकाश, एका चालीनं जाताना. क्लच झटक्यात सोडला तर क्षणभर ओढ याहून किती तरी वाढते.

लक्षात ठेवायचा आकडा असा: ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या निदान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर कायम राहिलं पाहिजे. आपल्या उदाहरणात ते ४२० किलो.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची रेषा. मागच्या ॲक्सलचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरमध्ये तो ६० ते ७० सेंटिमीटरवर येतो. मडगार्डवर त्या उंचीला खडूनं रेघ मारा. ट्रॉलीची पिन या रेघेच्या वर कधीही लावायची नाही. चाकं चिखलात रुतून अडकली की इंजिनचा जोर चाकं फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचं धूड ॲक्सलभोवती मागे फिरवायला लागतो. पिन ॲक्सलच्या खाली असेल तर ट्रॉलीची ओढ ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबते, म्हणजे तुमच्या बाजूनं काम करते. पिन ॲक्सलच्या वर असेल तर तीच ओढ तोंड आणखी वर उचलते. ट्रॅक्टर मागे पलटायला सेकंद-दीड सेकंद पुरतो. तेवढ्यात माणसाला काय घडतंय हे उमगतही नाही, उडी मारायची तर बातच सोडा.

म्हणूनच टॉप लिंकच्या (औजार जोडायच्या तीन दांड्यांपैकी सगळ्यात वरच्या दांडीच्या) ब्रॅकेटला साखळी किंवा ट्रॉली बांधणं ही मी पाहिलेली सगळ्यात वाईट सवय आहे. "तिथून ओढ चांगली बसते" असं सांगणारे भेटतात. बसते हे खरं, कारण पुढचं वजन मागच्या टायरांवर येतं आणि त्यांची पकड वाढते. पण ते वजन स्टिअरिंगकडून उधार घेतलेलं असतं.

खालच्या दोन लिंक आर्ममध्ये, म्हणजे हायड्रॉलिकनं वर-खाली होणाऱ्या औजाराच्या दांड्यांमध्ये, बसवलेल्या भोकांच्या पट्टीला ट्रॉली जोडणारेही बरेच आहेत. हायड्रॉलिक वर-खाली झालं की पिनेची उंची बदलते, आणि पट्टी आजूबाजूला हलते ती वेगळीच. नांगर-कुळवासाठी ती पट्टी ठीक आहे, उसाच्या ट्रॉलीसाठी ट्रॅक्टरच्या बॉडीला पक्का बोल्ट केलेला हूक किंवा ड्रॉबारच (ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेली ओढायची पट्टी) हवा. ट्रॅक्टरसोबत आलेल्या पुस्तिकेत ड्रॉबारची उंची आणि त्यावर किती भार चालतो हे दिलेलं असतं. साधारण दीड फुटाच्या आसपास पिन येणं चांगलं.

दुसरं माप: ॲक्सलपासून मागे किती

पिन मागच्या ॲक्सलपासून किती मागे लोंबते, याचा परिणाम दोन दिशांनी होतो.

एक उभ्या दिशेनं. हा प्रश्न दोन चाकी ट्रॉलीचा. चार चाकी ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः तोलते आणि पिनेवर जवळजवळ फक्त ओढ येते. दोन चाकी ट्रॉलीचं काही वजन मात्र दांडीवाटे थेट पिनेवर टेकतं. समजा ट्रॉली मालासकट ६ टन, पिनेपासून ट्रॉलीच्या ॲक्सलपर्यंत ३.५ मीटर, आणि मालाचा मध्य ॲक्सलच्या ३५ सेंटिमीटर पुढे. तर पिनेवर ६०० किलो भार येतो. ही पिन ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे असेल तर पुढची चाकं १८० किलोंनी हलकी होतात, ९० सेंटिमीटर मागे असेल तर २७० किलोंनी.

हीच ट्रॉली ओल्या काळ्या रानातून बाहेर काढायची आहे असं धरा. अशा जमिनीत सपाटीलाही टनभर ओढ लागू शकते. पिन ५० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर मागे: ८४० मधून २५० आणि १८० गेले, उरले ४१०. म्हणजे चांगल्या जोडणीतही आपण त्या २० टक्क्यांच्या काठावर आलो. पिन ८० सेंटिमीटर उंच आणि ९० सेंटिमीटर मागे: उरले १७० किलो. ट्रॅक्टर तोच, ट्रॉली तीच, रान तेच. फरक फक्त हूक कुठे वेल्डिंग केलाय याचा.

दुसरा परिणाम आडव्या दिशेनं. ट्रॉली कधीच अगदी सरळ मागे येत नाही. खड्डा, बाजूपट्टीवरून उतरणं, वारा, कशानंही ती बाजूला खेचते. पिन ॲक्सलच्या जितकी मागे, तितकी ती आडवी ओढ ट्रॅक्टरला फिरवायला जास्त सोयीची पडते. ट्रक-ट्रेलरमध्ये जोड मागच्या ॲक्सलच्या जवळजवळ वरच असतो, तो यासाठीच. ट्रॅक्टरमध्ये ते जमत नाही, पण "वळताना ट्रॉली टायरला घासते" म्हणून हूक आणखी मागे वाढवून घेतात, ते टाळता येतं. घासत असेल तर ट्रॉलीची दांडी वाढवा, ट्रॅक्टरचा हूक वाढवू नका.

दांडीची लांबी आणि तिची पातळी

लांब दांडी ट्रॉलीला शांत ठेवते. पिनेपासून ट्रॉलीच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर जास्त असेल तर झुलणं सावकाश होतं आणि लवकर विरतं. किंमत मोजावी लागते ती वळणावर, कारण ट्रॉली वळणाच्या आतल्या बाजूला जास्त सरकते. पिन १० मीटर त्रिज्येच्या गोलाईनं चालली आहे आणि पिनेपासून ट्रॉलीचा ॲक्सल ३.५ मीटरवर आहे असं धरलं तर ट्रॉलीची चाकं सुमारे दोन फूट आतून जातात. तशीच दुसरी जोडली तर ती चार फुटांहून जास्त आतून जाते. गावातल्या चौकात कोपऱ्यावर दुचाकी लावून उभा असलेला माणूस त्या चार फुटांत येतो. चार चाकी ट्रॉलीत टर्नटेबल (पुढची चाकं वळवणारा फिरता सांधा) धरून सांधे जास्त, म्हणून आत सरकणंही जास्त.

आता पाणसळ घ्या. ट्रॉली जोडलेली आणि भरलेली असताना दोन चाकी ट्रॉलीचं हौदाचं तळ पातळीत असलं पाहिजे. ट्रॅक्टरची पिन ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला असलेल्या कडीपेक्षा उंच असेल तर ट्रॉली मागे झुकते. उसाचा ढीग उंच असतो, त्यामुळे जरासं झुकलं तरी मालाचा मध्य बराच मागे जातो. मध्य ट्रॉलीच्या ॲक्सलपासून १.८ मीटर उंचीवर असेल तर नुसत्या ३ अंशांच्या कलानं तो ९ सेंटिमीटर मागे सरकतो, आणि पिनेवरचे ६०० किलो साडेचारशेच्या खाली येतात.

चार चाकी ट्रॉलीची दांडी टर्नटेबलजवळ वर-खाली मोकळी हलते, तिथे तळ आपोआप पातळीत राहतं. तरी दांडी आडवीच हवी. ती ट्रॅक्टरकडून ट्रॉलीकडे खाली उतरत असेल तर ओढताना फायदा वाटतो, कारण ट्रॅक्टरचा मागचा भाग खाली दाबला जातो. थांबताना उलटं होतं. ट्रॉली ढकलते आणि तिरकी दांडी ट्रॅक्टरची मागची चाकं वर उचलायला बघते.

तिसरं माप: ढिलाई

पिन भोकात आणि कडी पिनेवर थोडी सैल असावीच लागते, नाहीतर वळताना आणि खड्ड्यात दांडी अडकेल. पण हंगामाच्या मध्यावर पिनेला एका बाजूनं खाच पडते, कडीचं भोक लांबट होतं, आणि ती सैलाई बोटाएवढी वाढते. मग प्रत्येक गिअर बदलताना, प्रत्येक ब्रेकला आधी ठोका बसतो आणि नंतर ओढ. सरळ रस्त्यावर हीच सैलाई ट्रॉलीला थोडं इकडे, थोडं तिकडे जायला मोकळीक देते आणि झुलण्याची सुरुवात तिथूनच होते.

तपासायचं कसं? ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. दोघांनी दांडी पुढे-मागे ढकलून बघा. मग पिन काढून तिची जाडी वरच्या न घासलेल्या भागात आणि मधल्या घासलेल्या भागात मोजा. खाच डोळ्यांना दिसत असेल तर पिन बदला. बांधकामाची सळई तोडून केलेली पिन नको. बरोबर जाडीची, चांगल्या पोलादाची, वर डोकं आणि खाली लॉक असलेली पिनच घ्या. डोकं वरच हवं, म्हणजे लॉक निघालं तरी पिन लगेच खाली पडत नाही. खाली लिंच पिन किंवा आर-क्लिप, तारेचा तुकडा नाही.

आणि साखळी. दांडीपासून ट्रॅक्टरच्या बॉडीपर्यंत दोन मजबूत साखळ्या, दांडीच्या खालून एकमेकींना ओलांडून. पिन तुटली तर दांडी जमिनीत न रुतता त्या साखळ्यांवर पडते. वळायला पुरेल एवढीच सैल ठेवा.

ऊस भरताना

ही जोडणी कितीही नीट केली तरी टोळीनं ऊस कसा भरला यावर ती टिकते किंवा बिघडते. भरणारी मंडळी पहाटेपासून तोडणी करून दमलेली असतात आणि मोळ्या जिथून सोप्या पडतात तिथून टाकतात. तिथे उभं राहून सांगायचं काम चालकाचं आहे. मुकादमाशी आधीच बोलून ठेवा.

दोन चाकी ट्रॉलीत मालाचा मध्य ॲक्सलच्या थोडा पुढे हवा. मागे गेला तर काय होतं बघा. आधीच्या उदाहरणातला ६ टनांचा मध्य ॲक्सलच्या २० सेंटिमीटर मागे गेला तर पिनेवर भार येण्याऐवजी दांडी सुमारे ३४० किलोंनी वर उचलते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांची पकड तिथेच कमी होते, आणि अशी ट्रॉली वेगात हमखास झुलते. चढावर आणखी वाईट, कारण उंच ढिगाचा भार उताराकडे, म्हणजे मागे सरकतो. सपाटीवर जेमतेम पुढे असलेला मध्य चढावर मागे गेलेला असतो.

तपासण्याचा साधा उपाय: भरून झाल्यावर, निघण्याआधी, सपाट जागी दांडी हुकावर दाबून बसली आहे की वर उचलून धरते आहे ते बघा. कडी पिनेच्या खालच्या प्लेटवर टेकलेली हवी. वरच्या प्लेटला चिकटली असेल तर मागच्या मोळ्या काढून पुढे घ्या. कंटाळा आला तरी घ्या.

उतरवतानाही हाच नियम. दोन चाकी ट्रॉली पुढून रिकामी करत गेलात आणि मागे ढीग तसाच राहिला तर दांडी झटक्यात वर उडते. अशा वेळी पिन काढायला वाकलेला माणूस तिच्या अगदी वर असतो. ट्रॅक्टर सोडवायचा असेल तर आधी दांडीखालचा जॅक किंवा टेकू, मग पिन.

दुष्काळी पट्ट्यात पाण्याचे टँकर ओढणाऱ्यांनीही हा भाग मनावर घ्यावा. अर्धा भरलेला दोन चाकी टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो. ब्रेक लावला की पाणी पुढे धावतं आणि पिन दाबते, निघालं की मागे धावतं आणि दांडी उचलते. टँकरच्या आत आडवे पडदे आहेत का ते विकत घेतानाच झाकण उघडून बघा.

दोन ट्रॉल्या

डबल ट्रॉलीचं गणित एकाच वाक्यात: पुढची जेवढी हलते, मागची त्याहून जास्त हलते. पहिल्या ट्रॉलीच्या मागचा हूक तिच्या मागच्या ॲक्सलपासून बराच मागे असतो. चालकानं खड्डा चुकवायला स्टिअरिंग हातभर हलवलं की पहिल्या ट्रॉलीचं शेपूट त्याहून जास्त हलतं, आणि ते शेपूटच दुसऱ्या ट्रॉलीला हलवतं. दोन्ही ट्रॉल्या चार चाकी असतील तर हूक आणि टर्नटेबल मिळून चार सांधे होतात, आणि प्रत्येक सांध्याची ढिलाई शेवटच्या ट्रॉलीत जमा होते. म्हणून मागच्या ट्रॉलीची पिन पुढच्या पिनेइतकीच, खरं तर जास्तच काळजीनं तपासायची. बहुतेक लोक उलटं करतात. नवी पिन ट्रॅक्टरला आणि काढलेली जुनी मागच्या ट्रॉलीला.

वजनात फरक असेल तर जड ट्रॉली पुढे, हलकी मागे. एक भरलेली आणि एक रिकामी असेल तर रिकामी कधीही मधे घालू नका.

रिकाम्या जोडीनं परतताना वेग वाढतो, आणि झुलणं बहुधा तेव्हाच सुरू होतं. ते सुरू झालं तर थ्रॉटल सावकाश कमी करा आणि स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. झुलण्याच्या उलट दिशेला स्टिअरिंग फिरवून ते मारायला जाऊ नका, कारण तुमचा प्रत्येक झटका मागे पोचेपर्यंत ट्रॉली दुसऱ्या बाजूला गेलेली असते आणि झोका वाढतो. ब्रेकवर एकदम पायही नको. वेग उतरला की झुलणं विरतं. ज्या वेगाला ते सुरू झालं तो वेग त्या जोडीची हद्द समजा आणि यार्डात पोचल्यावर पिना बघा.

उतारावर

इथे घाईनं वाचू नका. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुतेक वेळा फक्त मागच्या चाकांना असतात, आणि इंजिनचा रोधही त्याच चाकांतून जमिनीला पोचतो. म्हणजे सगळा भार त्या दोन टायरांच्या पकडीवर.

तोच २१०० किलोचा ट्रॅक्टर, मागे १४ टन, ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत, डांबरी उतार १०० मीटरला ६ मीटर. वेग न वाढू देता नुसतं तोलून धरायला साडेसहाशे किलोंच्या आसपास रोध लागतो. ट्रॉली ढकलत असल्यामुळे मागच्या चाकांवरचं वजन पुढे जातं, आणि पिन जितकी उंच तितकं जास्त जातं. कोरड्या डांबरावर टायरची पकड त्यावरच्या वजनाच्या ७० टक्के धरली तर ५० सेंटिमीटरच्या पिनेवर मागचे टायर साडेसातशे किलोंपर्यंत धरू शकतात, ८० सेंटिमीटरच्या पिनेवर सातशेच्या आत. म्हणजे थांबण्यासाठी हाताशी उरतात शंभरेक किलो, आणि उंच पिनेवर त्याच्या निम्मेच. रस्त्यावर उसाचा पाला, माती किंवा दव असेल तर तेवढेही नाहीत. टायर घसरले की ट्रॉली ढकलतच राहते. दांडी जराशी तिरकी असेल तर ती ट्रॅक्टरचं मागचं अंग बाजूला फेकते आणि ट्रॅक्टर-ट्रॉली कात्रीसारखी मिटतात.

यातून जे निघतं ते करायचं असं. ट्रॉल्यांना ब्रेक असतील तर हंगामाआधी ते चालू करून घ्या; नसतील तर बसवून घेण्याचा खर्च मालकाला या आकड्यांनिशी समजावून सांगा. दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी रस्त्यावर कायम लावलेली हवी. शेतात वळायला ती काढतात आणि लावायची विसरतात, मग एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर तिथेच आडवा होतो. उतार सुरू होण्याच्या आधी गिअर खाली घ्या, ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्यातच उतरा. क्लचवर पाय नको. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांकडून हे काम शिकू नका. आणि उतारावरच्या वळणाआधी, दांडी सरळ असतानाच, वेग कमी करून घ्या.

चढावर

नदीकाठच्या मळीतून गावाच्या पाणंदीला लागतानाचा तो आखूड, उभा चढ बहुतेकांना माहीत असतो. दोन ट्रॉल्या असतील तर एक खालीच चाकांना दगड लावून ठेवा आणि एकेक करून वर काढा. वेळ जातो, जाऊ दे. दुसरा ट्रॅक्टर पुढे लावायचा असेल तर साखळी त्या ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारला आणि तुमच्या पुढच्या टोइंग हूकला, आणि साखळीजवळ कुणी उभं राहायचं नाही.

पुढची चाकं हलकी वाटायला लागली, स्टिअरिंग एकदम सैल झालं की तत्क्षणी क्लच दाबा. चाकं टेकली की ब्रेक धरा, आणि मग पुढचा विचार करा. तोंड उठू नये म्हणून पुढच्या बंपरवर माणसं बसवण्याचा प्रकार चालतो, तो तुमच्या ट्रॅक्टरवर होऊ देऊ नका. चाक खड्ड्यात आपटलं तर तो माणूस थेट चाकाखाली जातो.

पुढे वजन हवं असेल तर कंपनीची लोखंडी वजनं बोल्टनं लावून घ्या. पुढच्या ॲक्सलच्या ८० सेंटिमीटर पुढे १०० किलो लावले तर पुढच्या चाकांवर १४० किलो वाढतात आणि मागे ४० कमी होतात. मागच्या टायरांत पाणी भरतात त्यानं पकड वाढते, तोंड खाली ठेवायला मात्र त्याची काही मदत होत नाही; उलट पकड वाढल्यामुळे टायर घसरण्याऐवजी ट्रॅक्टर जास्त ओढ लावतो आणि पुढून जास्त उठू शकतो. भरायचंच असेल तर व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, आणि पुढच्या वजनासोबतच.

मापं लिहून ठेवा

कागदावर ट्रॅक्टरचा नंबर, पुढचं वजन, पिनेची उंची, ॲक्सलपासून मागचं अंतर आणि पिनेची जाडी तारखेसकट लिहा. एक प्रत टूलबॉक्समध्ये, एक मालकाकडे. टायर बदलले, हूक पुन्हा वेल्डिंग केला किंवा दुसऱ्याची ट्रॉली ओढायला घेतली की मापं पुन्हा घ्यायची. ट्रॉली बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे जाताना हाच कागद घेऊन जा आणि कडीची उंची तुमच्या पिनेला जुळवून मागा. तो आधी विचारेल, "ट्रॅक्टर कुठला?" कंपनीचं नाव सांगू नका, सेंटिमीटर सांगा. एकाच कंपनीच्या दोन ट्रॅक्टरांचेही टायर आणि हूक वेगळे असतात.